कॅमेऱ्याचे ओझे आणि प्रकाशाचे गणित

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अजिंठ्याची लेणी पाहून आलो. माझ्या आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे तिला बरोबर येता आले नाही. शाळेत असताना, सुमारे साठ वर्षांपूर्वी, तिने ही लेणी सहलीत पाहिली होती. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातला पद्मपाणी बोधिसत्त्व आणि त्याच्या हातातले निळे कमळ तिच्या अजून लक्षात आहे. “त्या कमळाचा फोटो तेवढा आण गं,” असे तिने नातीला बजावून सांगितले होते.

नातीने फोनवर फोटो काढला. घरी आल्यावर आजीने चष्मा पुसला, फोन जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला आणि म्हणाली, “कमळ कुठं आहे यात? हा तर धुरकट ठिपका दिसतोय.”

माझी मुलगी आठवीत आहे. ती हिरमुसली. दोन दिवसांनी माझ्याकडे येऊन म्हणाली, “बाबा, आपण पुन्हा जाऊ. पण या वेळी चांगला मोठा कॅमेरा घेऊन.”

मागणी रास्त होती, पण लहान नव्हती. चांगला कॅमेरा घ्यायचा म्हणजे बरीच शिल्लक खर्ची पडणार. शिवाय तो गळ्यात अडकवून लेण्यांच्या पायऱ्या चढायच्या. मी म्हणालो, “आधी गणित करू, मग दुकानात जाऊ.” विद्यार्थी मित्रांनो, ते गणित तुम्हालाही उपयोगी पडेल, म्हणून येथे देत आहे.

पावसातल्या वाट्या

फोन असो की मोठा कॅमेरा, दोघांचे काम एकच. समोरच्या वस्तूकडून येणारा प्रकाश भिंगातून आत घ्यायचा आणि मागच्या पडद्यावर त्याची प्रतिमा पाडायची. पूर्वी या पडद्याच्या जागी फिल्म असे. आता तेथे संवेदक नावाची सिलिकॉनची चकती असते. तिच्यावर लक्षावधी सूक्ष्म चौकोन असतात आणि प्रत्येक चौकोन आपल्यावर किती प्रकाश पडला ते मोजतो.

प्रकाश हा कणांच्या रूपाने येतो हे तुम्ही वाचले असेल. या कणांना फोटॉन म्हणतात. ते शिपायांसारखे एका ओळीत, ठराविक अंतराने येत नाहीत. पावसाच्या थेंबांसारखे कसेही येतात. फोटो खराब का होतो याचे मर्म येथेच आहे.

समजा, रिमझिम पावसात गच्चीवर तुम्ही सारख्या आकाराच्या दहा वाट्या थोडा वेळ ठेवल्या. सरासरी प्रत्येक वाटीत ९ थेंब पडले. पण प्रत्येक वाटीत बरोबर ९ थेंब सापडणार नाहीत. एखादीत ६, एखादीत १२ असे होईल. संख्याशास्त्र सांगते की असा फरक सरासरी संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. ९ चे वर्गमूळ ३. म्हणजे चूक एकतृतीयांश झाली! आता वाट्यांऐवजी त्यांच्या दहापट व्यासाच्या पराती ठेवा. क्षेत्रफळ शंभरपट झाले, म्हणून प्रत्येकीत सरासरी ९०० थेंब पडतील. ९०० चे वर्गमूळ ३०. म्हणजे चूक फक्त एकतिसांश. पाऊस तोच, वेळ तोच. पण परातींवरून केलेला अंदाज दहापट अधिक नेमका.

संवेदकावरचे चौकोन म्हणजे या वाट्याच. अंधाऱ्या लेण्यात फोटॉनांचा पाऊस अगदी बारीक असतो. भिंतीचा रंग एकसारखा असला तरी शेजारशेजारच्या चौकोनांत कमीजास्त फोटॉन पडतात आणि चित्र रवाळ, दाणेदार दिसू लागते. मग फोनमधली गणकयंत्रणा हे दाणे पुसायला जाते. ओल्या रांगोळीवर हात फिरवावा तसे होते. दाण्यांबरोबर कमळाच्या पाकळ्यांच्या रेषाही पुसल्या जातात. आमच्या फोटोचे नेमके हेच झाले होते.

भांडे केवढे आहे?

तेव्हा पहिला प्रश्न असा : कोणता कॅमेरा किती प्रकाश गोळा करतो? यासाठी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एक, संवेदकाचे क्षेत्रफळ. दुसरी, भिंगाचा एफ-अंक. भिंगाच्या नाभीय अंतराला त्याच्या उघड्या छिद्राच्या व्यासाने भागले की एफ-अंक मिळतो. हा अंक जितका लहान, तितकी संवेदकावरची प्रतिमा प्रखर. छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्यामुळे प्रखरता एफ-अंकाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून सोपा हिशेब असा : संवेदकाचे क्षेत्रफळ भागिले एफ-अंकाचा वर्ग. येणाऱ्या आकड्याला आपण ‘प्रकाशगुण’ म्हणू. हा शब्द आपल्या या लेखापुरताच.

साध्या फोनचा संवेदक समजा ६.४ मिलिमीटर लांब आणि ४.८ मिलिमीटर रुंद आहे. क्षेत्रफळ सुमारे ३१ चौरस मिलिमीटर. भिंगाचा एफ-अंक १.८. त्याचा वर्ग ३.२४. प्रकाशगुण झाला सुमारे ९.६.

भिंग बदलता येणाऱ्या अनेक कॅमेऱ्यांत २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटरचा संवेदक असतो. क्षेत्रफळ सुमारे ३६७ चौरस मिलिमीटर, म्हणजे फोनच्या जवळजवळ बारापट. पण थांबा! कॅमेऱ्याबरोबर जे साधे भिंग मिळते त्याचा एफ-अंक बहुधा ३.५ पासून सुरू होतो. ३६७ ला ३.५ च्या वर्गाने भागले तर ३० येतात. म्हणजे फायदा बारापट नव्हे, तर केवळ तिपटीच्या आसपास. त्याच कॅमेऱ्याला एफ-अंक २ चे भिंग लावले, तर प्रकाशगुण ९२ होतो, म्हणजे फोनच्या साडेनऊपट. यावरून एक गोष्ट लक्षात येईल : मोठ्या डब्याला भुलून भिंगाकडे दुर्लक्ष करणे म्हणजे मोठा हंडा घेऊन त्यावर लहान नरसाळे बसवण्यासारखे आहे.

आता आमच्या फोटोकडे वळू. मुलीला मी विचारले, “तू कमळ मोठे करून घेतले होतेस ना?” तिने पडद्यावर दोन बोटे फाकवून चित्र चौपट मोठे केले होते. आमच्या फोनला दूरदर्शी भिंग वेगळे नाही. अशा फोनमध्ये मोठे करणे म्हणजे संवेदकाचा मधला तुकडा कापून घेणे. लांबी एकचतुर्थांश, रुंदी एकचतुर्थांश, म्हणून क्षेत्रफळ एकषोडशांश! ३१ चौरस मिलिमीटरांपैकी जेमतेम दोन उरले. पद्मपाणीचे कमळ तिने तिळापेक्षा लहान पडद्यावर पकडले होते. आजीला ते दिसले नाही यात नवल नाही.

दुप्पट स्पष्ट, आठपट जड

“म्हणजे मोठा कॅमेरा घ्यायलाच हवा!” मुलगी म्हणाली. पण या हिशेबाची दुसरी बाजूही पाहायला हवी.

समजा, एका कॅमेऱ्याची लांबी, रुंदी, जाडी, भिंग, संवेदक असे सर्व काही दुप्पट केले. एफ-अंक तोच राहिला. संवेदकाचे क्षेत्रफळ चौपट झाले, म्हणून प्रकाश चौपट मिळाला. चारचे वर्गमूळ दोन, म्हणून चित्र दुप्पट नितळ झाले. पण घनफळ? दोनचा घन आठ. काच आणि धातू तेच असतील तर वजनही आठपट. म्हणजे दुप्पट स्पष्टपणासाठी आठपट ओझे. प्रत्यक्षात कारखानदार प्लास्टिक वापरून, आतील जागा वाचवून वजन पुष्कळ कमी करतात. तरी कल निसर्गनियमाचाच राहतो. मोठे कॅमेरे जड का, याचे उत्तर या वर्ग आणि घनाच्या शर्यतीत आहे.

प्रवाशांची ही अडचण आजची नाही. जर्मनीतील वेट्झलार गावी लाइट्झ कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाचा तंत्रज्ञ होता. त्याला दम्याचा विकार होता आणि डोंगरात फिरण्याची व फोटो काढण्याची हौस होती. त्या काळचे काचेच्या तबकड्यांचे अवजड कॅमेरे घेऊन चढणे त्याला जमेना. मग त्याने सिनेमाच्या फिल्मवर चालणारा खिशात मावेल असा कॅमेरा तयार केला. त्यातूनच १९२५ साली ‘लायका’ कॅमेरा बाजारात आला. सिनेमाच्या चित्रचौकटीच्या दुप्पट, म्हणजे ३६ गुणिले २४ मिलिमीटरचे चित्र त्याने योजले होते. गंमत अशी की बार्नाकने लहान म्हणून योजलेल्या त्या मापाचा संवेदक आज बाजारात मोठा म्हणून ओळखला जातो!

वजनाऐवजी वेळ

आता पुन्हा गच्चीवर जाऊ. वाटीत जास्त थेंब हवे असतील तर मोठी परात आणणे हा एक मार्ग झाला. दुसरा काही मार्ग आहे का? वाचण्यापूर्वी क्षणभर विचार करा.

वाटी जास्त वेळ पावसात ठेवायची! चौपट वेळ ठेवली तर चौपट थेंब, म्हणजे तोच दुप्पट नेमकेपणा, आणि वजनात एका ग्रॅमचीही वाढ नाही.

कॅमेऱ्यातही हेच करता येते. प्रकाश आत घेण्याचा वेळ वाढवायचा, किंवा एकामागून एक अनेक फोटो काढून त्यांची सरासरी घ्यायची. आजच्या पुष्कळ फोनांत रात्रीच्या फोटोसाठी जी सोय असते, ती हेच करते. आठ फोटो एकत्र केले म्हणजे आठपट प्रकाश. आमच्या मुलीने घाईत चटकन बोट दाबले होते; ही सोय वापरलीच नव्हती.

अजिंठ्याच्या बाबतीत या मार्गाला चांगला दाखला आहे. चित्रांना इजा होऊ नये म्हणून तेथे फ्लॅशच्या दिव्याला मनाई आहे. बिनॉय बहल यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रखर दिवे न लावता, तेथल्या मंद उजेडातच वेळ देऊन या भित्तिचित्रांचे फोटो काढले. त्यांचे अजिंठ्यावरील पुस्तक १९९८ साली प्रसिद्ध झाले.

मात्र एक अट आहे. त्या वेळात कॅमेरा हलता कामा नये आणि समोरची वस्तूही हलता कामा नये.

देवघरातला प्रयोग

हिशेब कागदावर बरोबर आला तरी तो पडताळून पाहावा लागतो. माझ्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राचे एक सहकारी पक्ष्यांचे फोटो काढतात. त्यांच्याकडून दोन दिवसांसाठी कॅमेरा आणि त्याचे साधे भिंग मागून आणले. रात्री देवघरातले विजेचे दिवे मालवले, समईच्या दोन वाती ठेवल्या आणि समोरच्या भिंतीवर बारीक नक्षीचे एक कॅलेंडर टांगले. समईपासून ते पुरेसे लांब ठेवले होते. तुम्हीही ही काळजी घ्या.

चार मीटरांवरून आम्ही तीन फोटो काढले. पहिला फोनने, हातात धरून चटकन. दुसरा कॅमेऱ्याने, तोही हातात धरून. तिसरा फोनने, पण पुस्तकांच्या चळतीला टेकवून, रात्रीची सोय वापरून, आणि बोटाच्या धक्क्याने फोन हलू नये म्हणून तीन सेकंदांनी आपोआप फोटो निघेल अशी व्यवस्था करून. तिन्ही वेळा चित्र दुप्पटच मोठे केले. पहिल्यात नक्षीचे डाग झाले होते. दुसऱ्यात नक्षी दिसली. तिसऱ्यातही दिसली! दुसरा आणि तिसरा शेजारी ठेवले, तेव्हा कोणता कशाने काढला हे आईला सांगता येईना.

हे हिशेबाला धरूनच होते. दुप्पट मोठे केल्यावर फोनच्या संवेदकाचा चौथा हिस्सा वापरला गेला, म्हणून प्रकाशगुण ९.६ भागिले ४, म्हणजे २.४. कॅमेऱ्याचे भिंग तितकेच लांबवल्यावर त्याचा एफ-अंक ४.५ झाला; ३६७ भागिले ४.५ चा वर्ग, म्हणजे सुमारे १८. कॅमेरा साडेसातपट पुढे होता. फोनने आठएक फोटोंची सरासरी घेऊन ते अंतर भरून काढले. अर्थात कॅमेराही टेकवून ठेवून जास्त वेळ दिला असता तर तो पुन्हा पुढे गेला असता. पण आपल्याला शर्यत लावायची नव्हती; आजीला कमळ दिसावे एवढेच हवे होते.

त्यासाठी किती बारकावा पुरे? निरोगी डोळ्याला सुमारे एक मिनिट कोनाएवढा फरक कळतो. एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. तीस सेंटिमीटरांवर धरलेल्या कागदावर हे अंतर सुमारे ०.०९ मिलिमीटर भरते. १५ गुणिले १० सेंटिमीटरच्या फोटोत असे साधारण १८ ते १९ लाख ठिपके बसतात. आमच्या फोनच्या संवेदकावर १ कोटी २० लाख चौकोन आहेत. चित्र दुप्पट मोठे केले तर ३० लाख उरतात, ते पुरेत. चौपट केले तर साडेसात लाखच उरतात; ते अपुरे. म्हणून नियम ठरला : दुपटीपेक्षा जास्त मोठे करायचे नाही.

मग स्वयंपाकघरातला तराजू काढला. फोन १९० ग्रॅम. कॅमेरा आणि भिंग ६९० ग्रॅम. पिशवी, जादा बॅटरी आणि चार्जर धरून १ किलो २४० ग्रॅम. भरलेल्या पाण्याच्या एक लिटरच्या बाटलीपेक्षा जास्त.

पक्षी थांबत नाही

“मग तुमचे मित्र एवढे ओझे का वाहतात?” मुलीने विचारले. प्रश्न अगदी योग्य होता.

हे सहकारी हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या जलाशयावर रोहित पक्षी पाहायला जातात. उडणाऱ्या रोहिताचे पंख स्पष्ट हवे असतील तर सेकंदाचा हजारावा भाग एवढाच वेळ मिळतो. तेथे आठ फोटोंची सरासरी घेतली तर आठ जागी आठ पंख उमटतील. वेळ वाढवण्याची वाट बंद, म्हणून परातच मोठी हवी.

दुसरे कारण अंतराचे. प्रकाशाला तरंगरूप असल्यामुळे लहान छिद्रातून जाताना तो पसरतो. याला विवर्तन म्हणतात. त्यामुळे दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यातील कोन तरंगलांबीच्या १.२२ पट भागिले छिद्राचा व्यास, याहून लहान चालत नाही. फोनच्या छिद्राचा व्यास २.७ मिलिमीटर आणि प्रकाशाची तरंगलांबी ०.०००५५ मिलिमीटर धरा. शंभर मीटरांवर ही मर्यादा अडीच सेंटिमीटर येते. रोहिताचा डोळा त्यात हरवून जाईल. चौकोनांची संख्या कितीही कोटींनी वाढवली तरी उपयोग नाही. सहकाऱ्यांच्या लांब भिंगाचे नाभीय अंतर ३०० मिलिमीटर आणि एफ-अंक ५.६, म्हणजे छिद्र सुमारे ५४ मिलिमीटरचे. त्याची मर्यादा शंभर मीटरांवर सव्वा मिलिमीटरच्या आसपास. म्हणून त्यांचे ओझे सार्थ आहे.

मग ठरवायचे कसे?

या सगळ्याचे सार एका वाक्यात सांगता येईल : मोठ्या कॅमेऱ्याचे वजन ही वाट न पाहण्याची किंमत आहे. म्हणून प्रवासाला निघण्यापूर्वी स्वतःला चार प्रश्न विचारा. ज्याचा फोटो हवा ते जागेवर थांबणार आहे का? तेथे उजेड किती असेल? ते किती दूर असेल? आणि फोटो केवढ्या आकारात पाहायचा आहे? भर उन्हातला रायगड फोनलाही उत्तम जमतो, कारण तेथे फोटॉनांचा मुसळधार पाऊस असतो. अंधारातले स्थिर चित्र सबुरीने जमते. पण वस्तू हलणारी असेल आणि उजेड कमी किंवा अंतर जास्त असेल, तर मोठ्या कॅमेऱ्यावाचून गत्यंतर नाही. अशा वेळी तो जरूर घ्यावा. आणि शक्य असेल तर आधी दोन दिवस मागून आणून वापरून पाहावा.

आम्ही कॅमेरा घेतला नाही. फेब्रुवारीत एका मंगळवारी पुन्हा अजिंठ्याला गेलो. सोमवारी लेणी बंद असतात हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. तिपाई वापरायला परवानगी लागते, म्हणून मुलीने दोन्ही कोपरे बरगड्यांना टेकवली, श्वास रोखला आणि फोनला त्याचे काम करू दिले. खांबांना किंवा भिंतींना मात्र टेकू नये, ती आपली सर्वांची ठेव आहे. पहिल्या प्रयत्नात एक प्रवासी मध्येच आले आणि त्यांची धुरकट सावली उमटली. दुसऱ्यात हात हलला. पाचवा फोटो साधला.

तो छापून आणला आणि आईच्या हातात दिला. तिने तो खिडकीशी नेला. बराच वेळ पाहून म्हणाली, “हेच ते. पण मला वाटत होतं त्यापेक्षा लहान आहे गं हे कमळ.”

साठ वर्षांत ते तिच्या मनात मोठे झाले होते. पद्मपाणी मात्र सुमारे पंधराशे वर्षे त्याच जागी, तसाच उभा आहे. आणखी दोन सेकंद थांबायला त्याची काहीच हरकत नव्हती. घाई झाली होती ती आम्हाला.